धुक्यात मोजणी

जानेवारीचा तिसरा शनिवार. उणे चार.
गाडीची काच खरवडायला हाताशी आलं ते
वाचनालयाचं मुदत संपलेलं कार्ड.
वीबे फाटकाशी आधीच उभा,
गळ्यात दुर्बीण, जी तो आता नुसती वागवतो.
त्याचा मुलगा मला सोडून ग्रोनिंगनला गेला
त्याला सहा वर्षं झाली.
सासरा माझ्या वाट्याला राहिला,
आणि ही मोजणी.

फ्रीसलंडचं हे पाणी समुद्राहून खाली,
बांधांनी पोटाशी धरलेलं.
लाकडी वाटेवर दव गोठलंय,
पावलागणिक कुणी खडीसाखर चावतंय.
लपणाची फळी उघडली, तर बाहेर
खिडकीला चुना फासावा तसं धुकं.
तळं नाही. आकाश नाही.
वीस पावलांवर एक तिरका खुंट तेवढा.

विद्यापीठातून आलेल्या हिड्डेच्या टॅबलेटवर
चौतीस पक्ष्यांचे चौतीस रकाने.
"दिसल्याशिवाय आकडा भरता येत नाही," तो म्हणाला,
स्वतःच्याच बोटांवर फुंकर घालत.

वीबेने टोपीचे कान वर दुमडले.
"डावीकडे चक्रांग. शंभर तरी.
थापट्या पलीकडे, पाणी गाळतायत. थोडेच आहेत.
त्यांच्यावरून भोवत्या गेला आत्ता,
ऐक, कसे गप्प झाले."

बोलताना त्याचा हात तोंडावर होता.
लपणात तो नेहमी असाच बोलतो.

त्याचा बाप बदकं धरायचा.
पलीकडच्या राईत तळं, तळ्याला चार फाटे,
फाट्यांवर जाळीच्या कमानी, निमुळत्या होत गेलेल्या.
तांबडं-पांढरं कुत्रं काठाकाठाने दिसायचं, लपायचं,
आणि बदकं, खुळी, हे काय म्हणून बघायला
त्याच्यामागे आत, अजून आत.
बाप तोंडापुढे धुमसतं ढेकूळ धरून बसायचा,
दलदलीतूनच कापून वाळवलेलं,
माणसाच्या श्वासाचा वास पाण्यावर जाऊ नये म्हणून.
एका हिवाळ्यात दोन हजार माना.
वीबे टोपल्या मोजायचा. आठ वर्षांचा.
त्या पैशात त्याला बर्फावरचे बूट आले,
एक नंबर मोठे.

आता त्याच कमानीत शिरलेल्या बदकांच्या पायात
हिड्डे कडी घालतो, वजन करतो, सोडून देतो.
पाहुण्यांना हे सगळं सांगणारी पाटीही आहे, तीन भाषांत.
वीबेचा हात मात्र खाली येत नाही.

साडेदहाला तो उठून उभा राहिला.
"हंस," म्हणाला. "पांढऱ्या गालांचे. उठतायत."
मला काहीच ऐकू येईना.
मग आलं:
पंचक्रोशीतली सगळी लहान कुत्री
एकाच वेळी दार उघडं सापडून सुटावीत, तसं,
आधी लांबून, मग छपरावर,
मग फळीतून, बाकातून, माझ्या मांडीतून.
किती वेळ चाललं ते. सूप सांडलं माझं थोडं.
हिड्डे मान वर करून बघत होता
वितभर अंतरावरच्या लाकडाकडे,
तोंड उघडं.

"तीन हजार," वीबे म्हणाला. "जरा कमीच यंदा."
हिड्डेने बोट उचललं,
रकान्यावर आणलं,
आणि तसंच ठेवलं.

बारा वाजत आले. धुकं होतं तिथेच.
निघायला म्हणून मी फळी ओढली आणि
त्या तिरक्या खुंटाने मान उघडली.
राखी बगळा.
तीन तास आमच्यासमोर एका पायावर.
दोन पावलं टाकून तो चुन्यात विरून गेला.
"एक!" हिड्डे ओरडलाच,
आणि दिवसभरातला पहिला आकडा त्याने भरला.

मी वीबेला सांगितलं, बगळा होता.
"तो होय," तो म्हणाला,
"सकाळी त्याच्या पायाखालचा बर्फ वाजला होता की.
मला वाटलं, तो तुम्हाला दिसतोय."

गाडीत हीटर लागला, काचा सुटल्या,
तेव्हा कुठे त्याने तोंडावरचा हात काढला
आणि विचारलं,
वाटाण्याचं सूप उरलंय का गं थोडं.